एसीला घोंगडी

भाऊबिजेचे पाहुणे गेले की त्यानंतरच्या रविवारी आमच्या शेजारचे ढेबे काका घरातल्या एसीला घोंगडी पांघरतात. भोरला थंडी पडते हे खरं, पण ती एसीलाही वाजते असं मानणारे आमच्या गल्लीत ते एकटेच.

काका सरकारी कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. लहानपण मात्र वेल्ह्याच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यात, म्हशींमागे गेलं. त्यामुळे एसीचे दोन भाग म्हणजे त्यांच्या लेखी दोन म्हशी. एक 'आतली', एक 'बाहेरची'.

"मुकं जनावर हाय," ते म्हणतात. "दुखलंखुपलं तर सांगनार हाय का?"

माझी यात भरती झाली ती शाळेमुळे. एसीचं माहितीपुस्तक इंग्रजीत आहे, आणि गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली, शिवाय कुणाला नाही म्हणता न येणारी, मी एकटीच. चारचौघांत बोलायचं एरवी मी टाळते. तरी त्या रविवारी मी काकांच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचते आणि गल्लीतली पाच-सहा माणसं कथेला बसावं तशी बसतात.

"जाळ्या काढून कोमट पाण्यात धुवा," यंदा मी सुरुवात केली.

"कोमट म्हंजी किती?"

"ते लिहिलं नाही, काका."

"मग रेडकाला घालतो तेवढं," असं ठरवून काकांनी बादलीत कोपर बुडवून पाहिलं.

दारातून काकू म्हणाल्या, "माज्या गुडघ्याला कधी गरम पानी इचारलं न्हाई, अन् त्या खोक्याचं न्हाणं चाललंय!"

"तुला बोलता येतं," काका म्हणाले. "तिला येत न्हाई."

पुढची ओळ अशी की आतला ओलावा जायला चार तास नुसता पंखा चालवा. काका जनावर एकटं सोडत नाहीत. स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून ते त्या झोताखाली खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या तासाला शिंका सुरू झाल्या.

"काका, बाहेर बसलात तरी चालेल."

"तिला कळतं, कुनी जवळ हाय त्ये." आणि शिंकले.

चार तास झाल्यावर त्यांनी मेन स्विच पाडला आणि आम्ही बाहेरचीकडे वळलो. वरून झाका, बाजूनं हवा खेळू द्या, असं पुस्तक सांगतं. काकांनी घोंगडीची खोळ केली, पावसात गुराखी डोक्यावर घेतात तशी, आणि सुतळीनं बांधली. रस्त्यावरून पाहिलं तर भिंतीवर कुणी म्हातारा उकिडवा बसलाय असंच वाटतं. मागच्या वर्षी एका कुरिअरवाल्यानं तिला तीनदा विचारलं, "आजोबा, ढेबे कुठं राहतात?" उत्तर येईना, तेव्हा "कानानं गेलेत" म्हणत पार्सल आमच्याकडे ठेवून गेला.

हसू येतं, पण या सगळ्यामागचं कारण मला माहीत आहे. एसी घेतला तो नातीसाठी. आठ वर्षांची सई बेंगळुरूला असते, मे महिन्यात येते आणि इथल्या उकाड्यात तिला झोप लागत नाही. एसी घेतल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. उंदरानं वायर कुरतडली, मेमध्ये एसी सुरूच होईना, आणि महिनाभरासाठी आलेली सई तिसऱ्या दिवशी परत गेली. तेव्हापासून ही सेवा. यंदा ती पुरा महिना राहिली.

"रिमोटमधले सेल काढून ठेवा," मी शेवटची ओळ वाचली.

"ते ऱ्हाऊ दे."

"पण काका, सेल गळतात. रिमोट खराब होतो."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना!"

काका माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. मी पुस्तक मिटलं. माणसं पांगली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रिमोट काढून माझ्यापुढं धरला. काचेवर फिकट १६ दिसत होतं.

"सईनं जाताना दाबल्यालं," ते म्हणाले. "रोज सोळा लावायची. गारठली की माज्या घोंगडीत शिरायची. सेल काढलं की आकडा जाईल."

मी मागचं झाकण उघडून बघितलं. सेलच्या टोकाला पांढरं साचायला लागलं होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी नखानं खरवडून पाहिलं.

"नवं घाल मग," ते म्हणाले. "पर झटक्यात. आकड्याला कळायच्या आत."

मी पळत जाऊन आमच्या टीव्हीच्या रिमोटचे सेल घेऊन आले. सुई टोचताना फिरवावं तसं काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी जुने काढले, नवे घातले. शक्य तितकी घाई केली, पण काचेवर २४ आलं.

मी बटण दाबलं. आठ वेळा.

"गेला का आकडा?" काकांनी भिंतीलाच विचारलं.

"नाही, काका. सोळाच आहे."

त्यांनी वळून, डोळ्यांजवळ नेऊन खात्री केली, आणि रिमोट खिशात ठेवून वरून थोपटला.

आतली भिंतीवरून सगळं बघत होती. पण मुकं जनावर ते. तिनं काही सांगितलं नाही, आणि मीही.