घोडेस्वारीला मान्यता

घोडा पळतो, पोरगा नुसता बसतो. यात खेळ कसला? सौदीतल्या तबूक शहरातल्या एका खासगी कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी घोडेस्वारी संघाचा अर्ज पुन्हा फेटाळला, तो याच मुद्द्यावर. फुटबॉलला मैदान, बस, प्रशिक्षक. घोडेस्वारीला ‘छंद’ म्हणून गोदामामागचा तबेला.

पोरांपेक्षा जास्त झोंबलं ते नसरुद्दीनला. दापोलीकडचा हा माणूस वर्षानुवर्षं संघाला शिकवत होता. पण छंदाला प्रशिक्षक नसतो, म्हणून इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, त्याचा हुद्दा सईस, घोड्यांची निगा राखणारा. आणि सईसाला बायको आणता येत नाही. खेळ खरा ठरला की तो प्रशिक्षक होणार, मग बायकोला, ताजुन्निसाला, फॅमिली व्हिसा. गावी तिनं बरोबर न्यायचं लोणचंसुद्धा घातलं होतं.

मग त्यानं शक्कल लढवली. क्रीडाप्रमुखांना तबेल्यात बोलावलं, खजूर-कहवा दिला आणि पोरांसमोर अदबीनं म्हटलं, घोडाच सगळं करतो, तर साहेबांनी एक फेरी मारावी. नाही म्हणणं साहेबांच्या इभ्रतीला झेपेना. घोडी गरीब, पण दुडक्या चालीची. अर्ध्या फेरीत साहेबांनी लगाम सोडून तिच्या गळ्याला मिठी मारली आणि अल्लाचा धावा सुरू केला. पुढच्या बैठकीत त्यांना खुर्चीवर टेकता येईना. उभ्याउभ्याच त्यांनी जाहीर केलं, हा खेळच आहे, आणि भलता कठीण आहे.

मान्यता मिळाली. इकाम्यावर ‘प्रशिक्षक’ लागलं. ताजुन्निसानं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं.

छंद होता तोवर तबेल्यात कोण उभा आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. खेळ झाल्यावर मजूर खात्याचा तपासनीस आला. त्यानं पहिलंच विचारलं, प्रशिक्षक कुठल्या देशाचा? सरकारी नियमानं ही जागा सौदी माणसासाठी राखीव होती. संघाचा सौदी कप्तान हम्माद नुकताच पास झाला होता. तो नेमला गेला.

“मला परत सईस करा,” नसरुद्दीन म्हणाला.

क्रीडाप्रमुखांना खरंच वाईट वाटलं. “प्रशिक्षकाला सईस कसं करू? तुमचा अपमान होईल.”

हम्मादनं आदरानं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, स्वतःचे डोळे पुसले आणि विनवलं, जाण्याआधी शिकवायचं कसं तेवढं शिकवा. नसरुद्दीननं शिकवलं. राग हम्मादवर नव्हताच. साहेबांना घोडीवर चढवणाऱ्या स्वतःच्या अकलेवर होता.

शुक्रवारी त्यानं घरी फोन लावला.

“माझा विजा झाला काय?” ताजुन्निसानं विचारलं.

“नाय. मीच येतंय.”

“किती दिवसांची सुट्टी?”

“सुट्टी नाय. खलास. कायमचा.”

नवरा कायमचा घरी यावा म्हणून तिनं लग्नापासून दुवा मागितली होती. ती कबूल झाल्याचं ऐकून ताजुन्निसा रडायला लागली.