गोळीला वाट दाखवणारे आण्णा

आमचे शेजारी बळवंतआण्णा डोकं दुखायला लागलं की गोळी घेतात आणि कॉटवर उलटे झोपतात. पाय उशीवर, डोकं खाली. गोळीला चढ लागू नये म्हणून. गुडघा दुखत असेल तर गोळी घेऊन ताठ उभे राहतात. एकदा माझी दाढ ठणकत होती, तर म्हणाले, "म्याडम, गोळी दाढंपासनंच जाती की खाली. पोटापातुर पाठवून परत वर कशाला बोलीवताय? हितंच धरून ठेवा."

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते, रक्त तिला अंगभर फिरवतं, मग यकृत तिची मोडतोड करतं आणि मूत्रपिंडं उरलंसुरलं बाहेर काढतात.

"म्हंजे डोक्याची गोळी पायाच्या अंगठ्यात बी जाती?"

"जाते."

"तिथं तिचं काय काम हाय?"

वर्गात मला हा प्रश्न इतक्या रागानं कुणी विचारलेला नाही.

आण्णांच्या गोठ्यात म्हशी आहेत. त्यामुळे घरातली प्रत्येक गोळी धारोष्ण दुधाबरोबरच घ्यायची. "पाण्यासंगं गोळी म्हंजे पावण्याला कोरा च्या," असं त्यांचं मत.

त्यांच्या पत्नी सुमनकाकूंना कंपवात झाला. गोळी घेतल्यावर हात काही तास स्थिर राहायला हवा होता, पण राहीना. काकूंनी स्वयंपाकघरात जाणंच कमी केलं. आण्णांनी काय करावं? दुधाचा पेला मोठा केला. ते पाहून मी कपाळाला हात लावला.

"आण्णा, दुधातली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारातनं रक्तात जातात. दूध दार अडवून बसतं आणि गोळी ताटकळते. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"माझी म्हस आडवी येती व्हय?" एवढं बोलून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. आमचा दुधाचा रतीबही बंद. मीही हट्टाला पेटून पिशवीचं दूध आणलं. मग एका सकाळी दारात दुधाची किटली दिसली आणि मी समजले, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. काकूंची गोळी आता पाण्याबरोबर सुरू झाली.

आता मिशांचं सांगायला हवं. वर्षभर आण्णांच्या मिशा हनुवटीखाली लोंबत होत्या. गल्लीला वाटायचं, म्हातारपणी हौस आलीय. त्या मिशा लग्नापासून काकूच कापायच्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंचा हात थरथरायला लागल्यावर आण्णांनी न्हाव्याला हात लावू दिला नव्हता.

परवा सकाळी अंगणात आण्णा गळ्याला टॉवेल बांधून स्टुलावर बसले होते. काकूंच्या हातात कात्री, आणि हात अगदी स्थिर. डावी बाजू झकास झाली. मग मध्येच पाणी तापलंय का बघायला काकू आत गेल्या, शेजारीण आली, बोलणं लांबलं. परत कात्री धरली तर बोटं थरथरायला लागली होती.

"गेला वो गोळीचा जोर. न्हाव्याकडं जावा आता."

आण्णांनी कात्री हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. "न्हावी कशाला? डावी झाली. उजवी दुपारच्या गोळीला."

आणि तसेच, एक मिशी कातरलेली आणि एक लोंबती घेऊन, ते छाती काढून भर बाजारातनं वैरण आणायला गेले. लोक हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.