अम्मींचं कॅल्शियम

सासूबाईंना न सांगता औषध पाजायचं ठरवलं, तेव्हा माझा हेतू अगदी निर्मळ होता.

टेंभुर्णीहून ईदला आलेल्या माझ्या सासूबाई मदिनाबी, म्हणजे आमच्या अम्मी. हाडं ठिसूळ, मनगट एकदा मोडलेलं. डॉक्टरांनी पाण्यात फसफसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. "असलं उकळतं औषध मी घेत न्हाय!" त्यांनी जाहीर केलं. पुन्हा कुठं पडल्या तर, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

ईदची नमाज पढून आलो. गॅसवर शीरखुर्म्याचं दूध. कपडे बदलायला जाताना माझी बायको यास्मीन म्हणाली, "नुसतं लक्ष ठेवा. हात लावू नका."

हात नाहीच लावला. वरूनच गोळ्या सोडल्या. (सगळ्या. पाहुण्यांच्या हाडांचंही भलं होईल म्हणून.)

दूध फसफसत काठावर आलं. घाबरून मी गॅस बंद करायला गेलो आणि मोठा केला. शेवटी एकदाचा बंद केला, तेव्हा फेस बसला. खाली पांढऱ्या गुठळ्या आणि हिरवट पाणी!

मी शाळेत विज्ञान शिकवतो. (हे कृपया हेडमास्तरांना कळवू नये.) दुधातल्या प्रथिनांचे बारीक कण एकमेकांपासून अंतर राखून तरंगतात. त्यांच्यात कॅल्शियम आधीच असतं. वरून आणखी घातलं, त्यात गोळीतला आंबटपणा आणि खाली आच, की ते एकमेकांना घट्ट चिकटतात. सगळं आठवलं, पण गोळ्या टाकल्यावर.

"अहो, दूध आटलं का?" आतून हाक आली.

"आटलं... म्हणजे, दूध वेगळं झालंय."

"आणि?"

"पाणी वेगळं."

माझ्या तोंडचंही पाणी पळालं. यास्मीन आली, पातेल्यात पाहिलं आणि शांतपणे ओटा पुसायला लागली. ती ओरडते तेव्हा मला इतकी भीती वाटत नाही. बाहेर पाहुण्यांच्या चपला वाजू लागल्या होत्या. मागून अम्मी आल्या.

"काय घातलं यात?"

"तुमच्या गोळ्या, अम्मी. तुमची काळजी वाटली म्हणून."

अम्मी दोन पावलं मागं सरकल्या. "या अल्ला! बघ की गं यास्मीन! दुधाचं असं झालं, तर माज्या पोटाचं काय झालं असतं? आता तर मेले तरी घेणार न्हाय!"

माझा जीव थोडा थोडा झाला. यास्मीननं पाहुण्यांना खजूर आणि कोरा चहा दिला. पातेलं माझ्यापुढं ठेवलं. "बाहेरचं कुणी खाणार नाही. तुम्हीच संपवा."

संपवलं. डॉक्टर म्हणतात, माझी हाडं आता उत्तम आहेत. फक्त यास्मीननं स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं, की त्याच मजबूत हाडांची गुडघ्यापाशी टकटक सुरू होते.