युवराज रायाजीसाहेब हवाई वाटेने लग्नास आले त्याची हकिगत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न, आणि वाहत्या वाऱ्यास दंडवत. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे मार्गशीर्ष मासी राज्यात जे घडले ते या सेवकाने देखिले व ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले असेल तर थोडके.

महाराजांचे पुत्र रायाजीसाहेब पश्चिमेच्या दूरच्या शहरी विद्येस राहिले होते, आणि त्यांचे लग्न उमाऊसाहेबांशी नेमिले, आणि मुहूर्त सायंकाळी सव्वासहाचा निघाला, त्यापुढे आठ महिने मुहूर्त नाही. मग युवराजांस आणावयास परराज्य-व्यवहाराचे मंत्री बाळोपंत डबीर विमानाने रवाना जाहले. पंतांनी निघताना इथल्या भिंतीवरील घड्याळात सकाळचे नऊ पाहिले, उतरताना तिथल्या घड्याळात दुपारचा एक पाहिला, आणि चार तासांची वाट ऐसा निकाल दिला. मधे दोनदा जेवले, दोनदा घोरले, तरी शंका म्हणोन शिवली नाही. आणि महाराजांस कळविले की लग्नादिवशी सकाळी सहाचे विमान धरितो, दहास हजर होतो, नवरदेवाची वामकुक्षीही होईल. तिकिटावर पोहोचण्याची वेळ रात्री साडेआठ छापिली होती, ती युवराजांनी दाखविली, तेव्हा पंत हसोन बोलिले, "कारकुनाची चूक, साहेब. मी स्वतः चार तासांत आलो आहे." तिथले घड्याळ इथल्याहून साडेपाच तास मागे, हे युवराजांस उमगले होते, परंतु वडिलांच्या मानकऱ्यास खोटे पाडावे ही त्या घराण्याची रीत नव्हे, म्हणोन गप्प बसले, आणि येथेच घात जाहला.

इकडे दहापासोन वाजंत्री वाजवोन वाजवोन थकले, आणि जेवणे निवाली, आणि पाच वाजता विमानतळावरून खबर आली की विमान अद्याप अंतराळी आहे. बायकांनी डोळ्यांस पदर लाविला, महाराज संतापाने लाल जाहले. तेव्हा उमाऊसाहेब हळदीच्या अंगाने पुढे येऊन बोलिल्या, "विमानात तलवार नेऊ देत नाहीत, म्हणजे युवराजांचा खांडा घरीच असेल. नवरा मोहिमेवर असला तर आपल्यात खांड्याशी लग्न लागते. तर लावा."

महाराज म्हणाले, "बाळ, ही कोणाची मोहीम?"

"बाळोपंतांची, महाराज."

मग खांड्यास मुंडावळ्या बांधिल्या आणि सव्वासहास अक्षता पडल्या. रात्री उशिरा पंगत बसली, आणि युवराज धापा टाकीत मांडवात आले, मागे पंत पिशव्या घेऊन. उमाऊसाहेबांशेजारच्या पाटावर खांडा पाहोन युवराजांनी पुसिले, "लग्न लागले?"

"लागले. नवरा वेळेवर होता," बाईसाहेब बोलिल्या, आणि मग निरखोन म्हणाल्या, "हे केसांत काय?"

"भात. विमानाच्या खिडकीतून सूर्य बुडताना दिसला, मुहूर्त गेला ऐसे कळले. मग ताटातला भात अक्षता म्हणोन डोईवर घेतला, आणि पंतांकडोन मंगलाष्टके म्हणविली. राहवेना."

बाईसाहेब हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि खांडा उचलोन भिंतीशी ठेविला व पाट मोकळा करून दिला.

एकूण पल्ला सव्वादोन हजार कोस, येतानाची वेळ नऊ तास. बाळोपंत मात्र अद्याप म्हणतात की वाट चारच तासांची, बाकीचे पाच विमानवाल्यांनी मधे कोठे घालविले त्याची चौकशी व्हावी. लेखनसीमा.