म्हशीची आखाजी

दिपमाला आयुष्यात जे जे शिकली ते एका दमात शिकली, असं तिचं स्वतःचं मत होतं. स्कूटर दोन दिवसांत, कॉम्प्युटरवरचा हिशेब आठवड्यात, आणि तान्ह्या लेकीला, मुक्ताला, एका हाताने कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने कांदा चिरणं तर एका संध्याकाळीच! तेव्हा मांडे म्हणजे काय मोठंसं? कणीक, पुरण, खापर आणि दोन हात. पैकी हात तर तिच्याकडे जन्मापासून होते.

"मांडे मी करीन," ती सासूला म्हणाली.

आसोद्याच्या त्या घरात अशी शांतता पसरली की परसातल्या म्हशीचं रवंथ माजघरात ऐकू आलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. नणंद मोहिनी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला धुळ्याहून माहेरी येणार होती, सोबत नवरा हितेंद्र. पहिल्या आखाजीला जावयाच्या ताटात आमरसाशेजारी मांडा नसला तर गाव पुढच्या आखाजीपर्यंत तोच विषय पुरवून पुरवून वापरतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई, म्हणजे कमलबाई, मोरीत घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये! तीस वर्षं त्या मनगटावर मांडे असे पसरत गेले होते की पाहणाऱ्याला वाटावं, बाई धुतलेलं मलमल झटकतेय.

आता मार्ग एकच उरला होता. भिंतीपलीकडच्या सुगंधाबाई. मांड्यांत त्या गावात दुसऱ्या नंबरवर होत्या. किंवा पहिल्या. यावर दोघींचं तीस वर्षांत एकमत झालं नव्हतं. सुगंधाबाईंना बोलावणं म्हणजे कमलबाईंनी आपल्या हाताने, तेही डाव्या, त्यांना पहिला नंबर लिहून देणं.

म्हणून कमलबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. सून जळगावात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिच्या माहेरी मांडे बचत गटाकडून डब्यात घडी होऊन येत. पण बुडत्याला निवड कुठे असते?

"माह्या खापराले जप," कमलबाई म्हणाल्या. "आन मी पाहाले येनार नाही. पाहिलं का माहा हात शिवशिवते."

झालं! मुक्ता दुपारी झोपली की दिपमाला परसात. तिकडे चूल, चुलीवर पालथं खापर, तीन पावलांवर म्हशीचा गोठा आणि पलीकडे कमरेएवढी भिंत. फोन उखळाला टेकवून तिने व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या बाईने हसत हसत, एकदाही खाली न बघता, चाळीस सेकंदांत मांडा केला. दिपमालाने पुरण भरलेला गोळा तळव्यावर घेतला, या हातावरून त्या हातावर टाकला, आणि तो थेट कोपरापर्यंत गेला. तिथेच राहिला. स्वेटरची बाही जशी निघत नाही तसा निघेना! दुसरा मधोमध फाटून दोन्ही मनगटांत बांगड्यांसारखा अडकला. तिसरा खापरापर्यंत पोचला खरा, पण अर्धाच. उरलेला चुलीत गेला आणि परसात लग्नघरासारखा वास सुटला.

एवढं पुरण टाकायचं कुठे? म्हैस मान लांबवून बघत होती. दिपमालाने तिच्यापुढे एक बिघडलेला मांडा धरला. म्हशीने तो असा गिळला, जणू जन्मभर तिला उगाच कडब्यावर ठेवलं होतं.

"कसे झाले?" आतून कमलबाईंनी विचारलं.

आता खरं सांगायची ती वेळ होती. पण तेवढ्यात मुक्ता उठून रडू लागली आणि दिपमालाच्या तोंडून घाईत निघून गेलं, "छान झाले आई. सगळे यांना बागेत पाठवले."

हे, म्हणजे भूषण, संध्याकाळी केळीच्या बागेतून आला तेव्हा आईने त्याला विचारलंच. दिपमालाने दाराआडून डोळे मोठे केले. भूषण पाच वर्षांचा संसारी माणूस. "लोण्यासारखे," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

कमलबाई हरखल्या! लगेच भिंतीशी जाऊन त्यांनी सुगंधाबाईंना कळवलं की यंदा तसदी घेऊ नये, सून तयार झालीय. मग मोहिनीला फोन लावून सांगितलं की दोघंच कसे येता, सासू-सासऱ्यांनाही आणा. दुसऱ्या दिवशी दिपमालाचे आणखी दहा मांडे म्हशीच्या पोटात गेले, भूषणने पुन्हा लोण्याचं नाव घेतलं, आणि कमलबाईंनी मोहिनीच्या दिरालाही कुटुंबासकट आवतण दिलं. तिसऱ्या दिवशी पाहुणे नऊ झाले होते. दिपमालाचा न फाटलेला मांडा मात्र एकही झाला नव्हता.

त्याच दुपारी म्हशीने कडब्याला तोंड लावलं नाही. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले. कमलबाईंनी पाहिलं आणि निदान केलं की दृष्ट लागली. कोणाची तेही सांगितलं, कारण सुगंधाबाई काल भिंतीवरून फार वेळ बघत होत्या. एका हाताने मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, तरी म्हशीचं पोट काही उतरेना. तेव्हा भूषणने गुरांच्या डॉक्टरांना, धनसिंग डॉक्टरांना, आणलं.

डॉक्टरांनी पोटावर टिचक्या मारल्या, कान लावला.

"वैरणीत काही बदल?"

"काही नाही," भूषण म्हणाला.

दिपमाला पदराचं टोक पिळत राहिली. सांगावं तर तीन दिवसांची अब्रू जाते, न सांगावं तर म्हैस जाते! तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात म्हशीने डॉक्टरांकडे मान वळवली. तिच्या डाव्या शिंगाच्या आड एक फाटका मांडा अडकला होता, नवरीच्या डोक्यावरून शेला घसरावा तसा. दुपारी तो हातातून उडाला तेव्हा दिपमालाने सगळीकडे शोधला होता, फक्त वर बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तो दोन बोटांनी उतरवला आणि हुंगला. "वेलची घातली का?"

"मीच खाऊ घातले," दिपमाला म्हणाली. "तिन्ही दिवस. आई, मला एकही नाही जमला."

भिंतीपलीकडून हसण्याची खसखस ऐकू आली. सुगंधाबाई कोपर टेकून आरामात उभ्या होत्या. "कमल वं, जावयाच्या आंधी म्हशीनंच आखाजी केली."

कमलबाईंचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हशीला तेलाचं औषध पाजून, एक दिवस उपास सांगून गेले. कमलबाई ओट्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की जाऊ दे, सुगंधालाच बोलावू, नऊ माणसं जेवायची आहेत.

दिपमालाचे डोळे भरून आले. तिला खापराचा राग नव्हता, फाटलेल्या मांड्यांचाही नव्हता. उद्या सगळ्यांसमोर चुलीपाशी दुसरं कोणी बसणार आणि आपण पाणी वाढणार, हे तिला गिळवेना. तेवढ्यात ओट्याला धरून उभ्या असलेल्या मुक्ताने हात सोडला, एक पाऊल टाकलं आणि धप्पकन बुडावर बसली. बसल्या बसल्या हसली. परत ओटा धरला.

"आई," दिपमाला म्हणाली, "ही महिनाभर दिवसातून चाळीस वेळा पडते. हिच्या जागी चालायला आपण सुगंधाकाकूंना बोलावलं का?"

"माले नको बोलावू बाई," भिंतीवरून सुगंधाबाई म्हणाल्या. "माहे गुडघे दुखता." आणि मग डोळे बारीक करून कमलबाईंकडे वळल्या. "सांगू का सुनेले? धरनगावचं?"

"सुगंधा, गप ऱ्हाय."

"नवी सून व्हती तुही सासू," सुगंधाबाई सांगूनच मोकळ्या झाल्या. "बिघडले मांडे कुठी लपवे? कापसात! गाडी गेली धरनगावले, व्यापाऱ्यानं मालात हात घातला, तं हातात पुरन."

कमलबाई लाल झाल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्या इतक्या हसल्या की मुक्ता घाबरून आईच्या मांडीवर चढली. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, चुलीपुढे पाट ओढला आणि हात प्लास्टरमध्ये गेल्यापासून प्रथमच तिथे बसल्या.

"घे गोया. माह्यासमोर कर. तू कनीक तिंबतेच कमी, फाटन नाही तं काय व्हईन?"

तीन दिवस व्हिडिओतल्या बाईने ही गोष्ट सांगितली नव्हती! दिपमालाने कणीक अर्धा तास आपटली, ताणली, पुन्हा आपटली. डाव्या बाजूने कमलबाई सूचना देत होत्या, भिंतीवरून सुगंधाबाई त्याच्या बरोबर उलट सूचना देत होत्या. पहिला फाटला. दुसरा फाटला. पाचवा कोपरापर्यंत गेला, परत तळव्यावर आला आणि खापरावर पडला. पूर्ण! कडेला जरा वाकडा, पण पूर्ण. या वेळी भिंतीपलीकडून उलट सूचना आली नाही, आणि कमलबाईंच्या दृष्टीने तीच खरी पावती.

आखाजीला नऊ पाहुणे जेवले. दिपमालाचा पहिलाच मांडा फाटला आणि तिचा हात सवयीने गोठ्याकडे वळला, तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "ताटात वाढ." तो मांडा हितेंद्रच्या ताटात गेला. त्याने भोकातून आमरस ओतला, रस सगळीकडे सारखा पोचतो म्हणून डिझाइनची तारीफ केली आणि आणखी एक भोकाचाच मागितला. दुपारी मुक्ता ओट्यापासून आईच्या पिठाळ हातांपर्यंत तीन पावलं चालत आली. चौथ्याला पडली. कोणी हळहळलं नाही.

आता दिपमालाला मांडे जमतात. घरात फक्त म्हैस नाराज असते. धारेला बसलं की आधी चुलीकडे मान वळवते. डॉक्टरांनी सणाला एकाची परवानगी दिली आहे, म्हणून खास तिच्यासाठी एक मांडा मुद्दाम बिघडवावा लागतो, असं दिपमाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

कधीकधी तीन-चार मुद्दाम बिघडतात. ते भूषण खातो. लोण्यासारखे असतात.