बदरुन्निसाचं वय दुरुस्त होतं

सन १९९६च्या जुलैत घनसावंगीजवळच्या एका गावातील अंगणवाडीस दोन सारखे पेले व एक उंच, अरुंद पेला असे एकूण तीन नग प्राप्त झाले. सोबत ‘बालबुद्धी टप्पे पडताळणी योजने’चे परिपत्रक होते. सेविका चतुराबाईंनी दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, त्यातल्या एकातले मुलासमोरच उंच पेल्यात ओतायचे आणि विचारायचे, आता कशात जास्त? सात वर्षांखालच्या मुलाने ‘उंच पेल्यात’ म्हणायचे. ‘सारखेच’ हे उत्तर सातव्या वर्षानंतर येते. मुले अशी टप्प्याटप्प्याने शहाणी होतात हे शास्त्रज्ञांनी शोधले होते आणि शासनाने त्याचा तक्ता छापला होता.

एकोणतीस मुलांनी तक्त्याबरहुकूम उत्तर दिले. तिसावी बदरुन्निसा, वय पाच. तिचे वडील इस्माईल बसस्टँडवर चहाचा गाडा लावत आणि ही तिथेच कपबशांत खेळे.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “गिलास बदलला. पाणी कुठं वाढलं?”

चतुराबाईंना कौतुक वाटले. त्यांनी प्रामाणिकपणे ‘सारखेच’ असे लिहिले. इथे चूक झाली.

आठ दिवसांत तक्ता परत आला. शेरा होता : ‘बालकाचे उत्तर वयाशी विसंगत. उत्तर अथवा वय, जे चुकीचे असेल ते दुरुस्त करून पाठवावे.’

चतुराबाईंनी पोरीला मांडीवर घेतले. “बाई, उंच पेल्यात जास्त हाय म्हण बरं एकदा.”

“झूट कायकू बोलू?”

उत्तर दुरुस्त होईना. वय दुरुस्त करणे सोपे होते. ते उलट बोलत नाही. बदरुन्निसा त्या दुपारी सात वर्षांची झाली.

सात वर्षांच्या मुलीस अंगणवाडीत बसता येत नाही, म्हणून तिची खिचडी बंद झाली. घरी सहा वर्षांचा गुलाम नबी कागदोपत्री तिचा धाकटा भाऊ ठरला. त्याने निषेध म्हणून एक वेळ जेवण सोडले. बदरुन्निसाला शाळेत दुसरीच्या वर्गात बसवण्यात आले. तातेराव गुरुजींनी तिला नाव लिहायला सांगितले. तिने पाटीवर एक गोल काढला आणि त्याला कान जोडला. तो कप होता. वर्ग हसला. गुरुजींनी कर्तव्य म्हणून दुसरा तक्ता भरला : ‘वयाच्या मानाने दोन वर्षे मागे.’ वरून उत्तर आले की अशा बालकास जालन्याच्या विशेष वसतिगृहात दाखल करावे.

“पाच साल की बच्ची को घर से दूर भेजू?” तिची आई सरदारबी रडू लागली. पोरगी कोपऱ्यातून आईच्या तोंडाकडे बघत होती. हल्ली ती गाड्यावरही कपबशा सोडून गिऱ्हाइकांची तोंडे बघत बसे.

इस्माईल तिला घेऊन प्रकल्प अधिकारी अण्णासाहेबांकडे गेले.

“साहेब, लेकरू तेच हाय. कागद बदलला म्हणून ते मोठं कसं होईल?”

अण्णासाहेबांनी फाइल दोन्ही हातांनी तोलली. “हे बघा, तुमचं म्हणणं एका पानाचं आहे. आमचं एकशे चाळीस पानांचं. जास्त कशात आहे?”

“न्हाई, पण जन्माचा दाखला हाय ना.”

“दाखल्यात वय आहे. उत्तर कुठं आहे?”

इस्माईलांनी दाखला उलटून मागची बाजूही बघितली. अण्णासाहेब मात्र दयाळू होते. त्यांनी जालन्याच्या समितीपुढे फेरपडताळणी लावून दिली.

ठरल्या दिवशी अंबडमार्गे एसटीने बापलेक निघाले, सोबत चतुराबाई. समितीत चार सदस्य होते. टेबलावर पेले मांडले होते. शिपायाने पाणी ओतले. बदरुन्निसा पाण्याकडे बघतच नव्हती. ती आधी चार साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग बापाकडे, मग चतुराबाईंकडे. चतुराबाईंनी मान खाली घातली.

“सांग बेटा, कशात जास्त?”

पोरीने बोट दाखवले. “उंच गिलासात.”

अध्यक्ष आनंदाने उठून उभे राहिले. तिला तिथल्या तिथे पाच वर्षांची करण्यात आले. वसतिगृह रद्द झाले, खिचडी मंजूर झाली. एका सदस्याने तिला पेढा दिला. अहवालात नोंद झाली की योजनेमुळे भरकटलेले एक बालक योग्य टप्प्यावर परत आले.

परतीच्या बसमध्ये इस्माईलांनी तिला जवळ घेतले. “तुझे मालूम था ना, पानी बराबर है?”

“हां, अब्बा.”

“फिर?”

“उनको नही मालूम था,” ती म्हणाली आणि झोपी गेली.

गावी परतल्यावर चतुराबाईंनी बाकीच्या पोरांचे तक्तेही पाठवले. योजनेचे यश शंभर टक्के निघाले.

तक्त्यात एक टप्पा मात्र छापायचा राहून गेला आहे : समोरच्या साहेबाला कोणते उत्तर हवे आहे ते ओळखून देणे. बदरुन्निसाने तो पाचव्या वर्षी गाठला. तुम्ही-आम्ही तेवढे हुशार नव्हतो; आपल्याला पहिली नोकरी लागेपर्यंत थांबावे लागले.