सोऱ्यातलं काडतूस

वनमालाबाईंनी घोंगडं उन्हात घालायला म्हणून झटकलं आणि ओसरीभर उन्हाचे गोल कवडसे पडले. त्यांनी घोंगडं डोळ्यांसमोर धरलं. पलीकडचा गोठा, गोठ्यातली म्हैस आणि म्हशीजवळ पाठमोरे बसलेले आपले यजमान असं सगळं त्यांना भोकांतून व्यवस्थित दिसलं.

"अहो, ह्याला उंदीर लागले का काय?"

"उंदीर इतकं गोल कुरतडतो का?" विजयसिंह मागं न वळता म्हणाले. "माप बघ जरा. सूतभर फरक दाखव, मिशी उतरवतो."

"पर भोकं पाडली कावून?"

"काम हाय."

विजयसिंहांना काम असलं की वनमालाबाई धास्तावायच्या. मागच्या वेळी काम होतं तेव्हा पाण्याची मोटार दुरुस्त झाली होती आणि आठवडाभर गावातल्या दुसऱ्यांच्या विहिरीवरून पाणी आणावं लागलं होतं. घोंगड्याची घडी घालून त्या आत गेल्या.

गावात परवान्याची बंदूक एकच, आणि ती विजयसिंहांची. आजोबांनी निजामाच्या काळात घेतलेली, दहा बोअरची. बोअरचा हिशेब उलटा असतो, आकडा जेवढा लहान तेवढी नळी मोठी, हे त्यांनी गावातल्या प्रत्येकाला एकदा तरी समजावलं होतं. वडवणीच्या बाजारात कुणी बारा बोअरच्या बंदुकीचं कौतुक करू लागला तर ते नुसतं हसायचे. रानडुकरं पिकात शिरली की दिवेलागणीला कुणीतरी त्यांच्या ओसरीवर यायचं आणि "आबासाहेब, चला," म्हणायचं. आबासाहेब बांधावर जायचे, बंदूक खांद्याला लावायचे, एकच बार काढायचे आणि डुकरं शिवार सोडून पळायची. मारलं त्यांनी एकही नव्हतं. पण लग्नात पहिला फेटा, सप्त्यात पहिली पंगत आणि पंचायतीच्या सत्कारात पहिलं घोंगडं त्यांना मिळायचं ते त्या बारापायी.

आता खरी गोष्ट अशी, की बंदूक तीन वर्षांपासून रिकामी होती. दहा बोअरची काडतुसं बाजारात यायची बंद झाली होती. शहरातल्या दुकानदारानं तर "काका, हे माप आता वस्तुसंग्रहालयात विचारा," असं तोंडावर सांगितलं. विजयसिंहांनी ही बातमी कुणाला, अगदी वनमालाबाईंनाही, लागू दिली नाही. दिवाळीत ते सुतळी बॉम्ब घेऊन ठेवायचे. बांधावर गेलं की "नळी जुनी हाय, मागं सरका समदे," म्हणून लोकांना लांब उभं करायचे, झुडपाआड बॉम्बची वात पेटवायचे आणि बंदूक खांद्याला लावून मिशीला पीळ द्यायचे. आवाज दांडगा व्हायचा. धूर नळीतून आला की झुडपातून, हे अंधारात कोण बघत बसणार?

पण गेल्या आठवड्यात घात झाला. सर्दावलेला बॉम्ब फुस्स करून विझला.

"काय झालं, आबासाहेब?" मागून आवाज आला.

"संगं पिल्लं हायेत," विजयसिंह म्हणाले. "जीव धजला न्हाई माझा."

लोकांनी माना डोलावल्या. पण डुकरांनी तेवढ्यात शेजारच्या कौशल्याबाईंचा अर्धा भुईमूग उकरून खाल्ला. कौशल्याबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच विजयसिंहांना फार लागलं. ज्या जोरावर गाव आपल्याला आबासाहेब म्हणतं तो जोर एका ओल्या वातीवर टांगलेला आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. आता खोटेपणा बस झाला, असं त्यांनी ठरवलं. आजोबांच्या वेळच्या वापरलेल्या काडतुसांची पितळी टरफलं एका डब्यात पडून होती. ती पुन्हा भरायची. भरायची अवजारंही घरीच बनवायची. फोनवर त्यांनी एक गोरा माणूस आपल्या गॅरेजात बसून हेच करताना पाहिला होता.

"गोऱ्याला जमतंय तर आपल्याला कावून न्हाई जमायचं?" असं त्यांनी म्हशीला विचारलं. म्हशीनं हरकत घेतली नाही.

बंदुकीची दारू कुठून आणणार, हा प्रश्न त्यांनी पुढं ढकलला. आधी अवजारं, मग दारू. कचेरीत आपला शब्द चालतो, परवानगी काय, चहा पिता पिता मिळेल. पहिलं अवजार टरफलाच्या बुडातली, बार पेटवणारी जळकी टोपी बाहेर काढायचं. ते त्यांनी एका खिळ्यापासून बनवलं आणि ते चक्क चाललं. दुसरं अवजार दारू आणि छऱ्यांच्या मध्ये ठासायचे गोल डट्टे कापायचं. ते नळाच्या तुकड्यापासून झालं, आणि डट्ट्यांसाठी शाल पातळ पडते, सतरंजी जाड पडते, पण सत्काराचं घोंगडं अगदी बेतशीर असतं, हा शोधही लागला. दोन अवजारं जमल्यावर विजयसिंहांची छाती इतकी फुगली की तिसरं बनवायची गरजच त्यांना वाटेना. डट्टे टरफलात दाबून बसवायला दाब हवा होता, आणि दाबाचं यंत्र घरात तयार होतं: फडताळातला सोऱ्या. चांगला जुना, पितळी, वरून मूठ फिरवायच्या पेचाचा.

टरफल सोऱ्याच्या नळीत असं बसलं, जणू दोघांचा कासार एकच. विजयसिंहांनी डट्टे घातले आणि मूठ फिरवली. ती सुरेख फिरली. म्हणून आणखी फिरवली. मग आतून कट्ट असा आवाज आला, आणि त्यानंतर टरफल खालीही सरकेना आणि वरही येईना.

त्यांनी तेल घातलं. गरम पाणी ओतलं. सोऱ्या उंबऱ्यावर आपटला, तेव्हा उंबऱ्याची कपची निघाली. मग त्यांनी सोऱ्याला खालची चकती लावली, तो टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवला आणि गंज सोडवायचं तेल आणायला मोटारसायकलवरून वडवणीला गेले. चूक मुळीच झालेली नाही, फक्त पितळ थोडं फुगलंय, अशी त्यांची पक्की खात्री होती.

ते परत आले तेव्हा फडताळ रिकामं होतं.

"सोऱ्या कुटं गेला?"

"कौशल्याबाई घेऊन गेल्या," वनमालाबाई म्हणाल्या. "त्यांचाच हाय त्यो. मी शेवेसाठी आणला होता. त्यांचा उत्तरेश्वर उद्या बायकोला घेऊन ऊसतोडीला निघालाय, दिवाळी फडावरच होणार. म्हणून चकल्या करून द्यायल्यात पोराला."

विजयसिंहांनी तेलाची बाटली उंबऱ्यावरच ठेवली. पळावंसं वाटत होतं. पण बंदूकवाल्या माणसाला गावातून पळता येत नाही. म्हणून ते पळाले नाहीत, पण त्यांच्याइतकं भरभर चालणारा माणूस त्या आळीनं आजवर पाहिला नव्हता.

तिकडं घडलं होतं ते असं. कौशल्याबाईंनी गॅसवर तेलाची कढई चढवली, पीठ मळलं आणि शेवेची चकती काढून चकलीची लावायला म्हणून सोऱ्याचं बूड उघडलं. आत दुसरंच एक बूड होतं, पितळी आणि गोल. त्यांनी लेकाला हाक मारली. उत्तरेश्वरनं वाकून बघितलं आणि एकदम मागं उडी मारली.

"आई, हात लावू नगं! काडतूस हाय! मूठ फिरवली की उडंल!"

आई, लेक, सून, सगळी एका दमात अंगणात आली. कढई मात्र गॅसवर राहिली. थोड्या वेळानं तेल तापून दारातून निळा धूर येऊ लागला.

"धुपायलंय!" कुणीतरी ओरडलं. "वात पेटली बे त्याची!"

काडतुसाला वात नसते हे सांगायला तिथं कुणाला सवड नव्हती. अर्धी आळी बाहेर आली, एकानं पोलिसांना फोन लावला, आणि शेजारच्यांनी आपल्या शेळ्या लांब नेऊन बांधल्या. उत्तरेश्वरची बायको दाराकडं बघून रडत होती. उद्या न्यायचं सगळं सामान आत होतं, आणि कढईनं पेट घेतला असता तर आधी छपरातलं पाचट पेटलं असतं.

विजयसिंह पोचले ते ह्या गर्दीत. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं.

"बाजूला व्हा," ते म्हणाले.

"आबासाहेब, नका जाऊ! जीव जाईल!"

"बंदूकवाल्यानं काडतुसाला भ्यायचं, मंग गावानं कुणाकडं बघायचं?"

हे वाक्य त्यांना ऐनवेळी सुचलं आणि बोलताना त्यांचं त्यांनाच फार आवडलं. ते ताठ चालत आत गेले. गॅस बंद केला, कढईवर परात झाकली, खिडकी उघडली आणि सोऱ्या दोन्ही हातांवर घेऊन, देवाची मूर्ती आणावी तसे, बाहेर आले. अंगणात टाळ्या पडल्या. कौशल्याबाईंनी त्यांची दृष्ट काढली. उत्तरेश्वर तर पायाच पडला. इतका मान विजयसिंहांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तिथंच हे सगळं थांबलं असतं तर फार बरं झालं असतं.

पण जीप आली. जमादार बंकटराव खाली उतरले आणि त्यांनी लांबूनच सोऱ्याकडं बघितलं.

"जिवंत काडतूस. कुणाच्या घरात सापडलं?"

"माझ्या," कौशल्याबाई म्हणाल्या.

"घरात गडीमाणूस कोण हाय?"

उत्तरेश्वर पुढं झाला. बंकटरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला ठाण्यात. दोन-चार दिवस लागतील. काडतूस कुठून आणलं, सोऱ्यात कावून घातलं, समदं लिहून घ्यावं लागतंय. दिवस वाईट हायेत, ठावं हाय ना?"

"साहेब, उद्या टोळीचा ट्रक निघतोय! मुकादम थांबायचा न्हाई. अख्खा हंगाम जाईल."

"ते आधी सुचाया पायजे होतं."

सगळ्यांनी आबासाहेबांकडं बघितलं. कचेरीत ज्याचा शब्द चालतो तो माणूस काहीतरी बोलेल, अशी सगळ्यांची आशा होती. विजयसिंह मनात हिशेब करू लागले. गप्प राहिलं तर ते गावाचे वीरपुरुष होते, आणि ह्या पोराचा हंगाम बुडत होता. बोललं तर पोरगा सुटत होता, पण मग उद्यापासून आपल्याला आबासाहेब म्हणेल का कुणी? त्यांनी कौशल्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं. भुईमूग गेला तेव्हाही ती बाई अशीच गप्प उभी होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"बंकटराव, पोराला सोडा," ते म्हणाले. "त्ये माझं हाय. आणि त्ये जिवंत न्हाई."

"कशावरून?"

"जिवंत काडतूस माझ्यापाशी तीन वर्षांपासून न्हाईच."

बंकटरावांनी सोऱ्या घेतला, वरची मूठ काढली आणि टरफलाच्या तोंडात चमच्याचा दांडा घालून उकरलं. आतून एक काळा लोकरी डट्टा बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा. लोक वाकून बघू लागले.

"आं!" पंचायतीचा शिपाई म्हणाला. "हे तर आपण सत्काराला दिलेलं घोंगडं!"

"काडतूस न्हाई, मग गेल्या वर्षी माझ्या मक्यात बार काढला त्यो कशाचा?" मागून कुणीतरी विचारलं.

विजयसिंह म्हणाले, "सुतळी बॉम्ब."

मागोमाग येऊन गर्दीत उभ्या राहिलेल्या वनमालाबाई म्हणाल्या, "तरीच दर दिवाळीला फटाके कमी पडायले!" आणि सगळं अंगण हसून लोटपोट झालं. बंकटराव तर जीपला टेकून हसले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि चेहरा पुन्हा सरकारी केला.

"आबासाहेब, परवाना बंदुकीचा हाय, कारखान्याचा न्हाई. घरात काडतुसं भरली तर बंदूक बी जाईल आणि तुमी बी जाल. अवजारं आणि टरफलं ठाण्यात जमा करा. उत्तरेश्वर, जा बाबा, सामान बांध."

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. चकल्या दुसऱ्या कुणाच्या तरी सोऱ्यानं झाल्या. विजयसिंह दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. बाहेरून कुणी हसल्याचा आवाज आला की तो आपल्यावरच, असं त्यांना वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं. संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते. आता ह्या ओसरीवर दिवेलागणीला कुणी येणार नाही, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं आणि त्यांना खूप वाईट वाटत होतं.

तेवढ्यात कौशल्याबाई पदर खोचून अंगणात आल्या.

"आबासाहेब, चला. डुकरं आल्यात."

म्हातारी चेष्टा करतेय, असंच विजयसिंहांना वाटलं. पण तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

"कौशल्याबाई, काल तुमच्याच अंगणात सांगितलं की. बंदूक रिकामी हाय."

"ऐकलंय मी."

"मंग? बॉम्ब काय, कुनीबी फोडतंय."

"फोडला की आत्ता. पुतण्यानं फोडला. डुकरांनी माना वर करून बघितलं आणि परत खायला लागली. पेटवतानाच लटलट कापत होता, त्याला कोण भेणार? तुमी कसं उभं ऱ्हाताव, छाती काढून, बंदूक लावून. तसं पायजे."

"अहो, पर समद्या गावाला कळलंय आता!"

"गावाला कळलंय," कौशल्याबाई म्हणाल्या. "डुकरांला कुणी सांगितलंय?"

विजयसिंह उठले आणि त्यांनी वनमालाबाईंना फेटा आणायला सांगितला.